आधी शेठना फोन कर, लंडन नंतर बघू

पत्र मोठं आलंय, थोडक्यात देते. तासगाव भागातली एक मैत्रीण, वय ३१, बी.कॉम., लिहिते: "ताई, मी पाच वर्षं एका बेदाणा व्यापाऱ्याच्या ऑफिसात होते. बिलं, हिशोबाच्या पट्ट्या, पार्टीला फोन, पेमेंटचा तगादा सगळं बघायचे. मुलगी झाल्यावर सोडलं, आता ती चार वर्षांची आहे, सकाळी अंगणवाडीत जाते. इन्स्टावर एक बाई दाखवतात की घरबसल्या व्हर्च्युअल असिस्टंट होऊन महिन्याला ५० हजार मिळतात, त्यांचा कोर्स १७,९९९ चा आहे, हप्त्यानेही देतात. दुसरीकडे एक डेटा एंट्रीवाले आहेत, ते २,५०० रुपये रजिस्ट्रेशन आणि ॲग्रीमेंट मागतायत. माझं इंग्लिश वाचायला ठीक आहे पण बोलताना अडखळते. मिस्टर म्हणतात बघ तुला काय वाटतं ते, सासूबाई म्हणतात घरीच तर आहेस. मी काय करू? कोर्स लावू का?"

अगं, कोर्स नको लावूस. डेटा एंट्रीवाल्यांना तर अजिबात पैसे देऊ नकोस, त्यांच्याबद्दल खाली सविस्तर लिहिते कारण ते जरा गंभीर आहे. आधी मला तुझ्या पत्रातल्या एका वाक्यावर बोलू दे, जे तू असं सहज लिहून पुढे गेलीस. "पार्टीला फोन, पेमेंटचा तगादा सगळं बघायचे." बाई, हेच तर काम आहे! व्हर्च्युअल असिस्टंट हे नाव फार भारी वाटतं पण आत काय असतं, तर दुसऱ्याच्या धंद्यातल्या दहा भानगडी आपल्या डोक्यात ठेवायच्या आणि त्याला आठवण यायच्या आधी आपण आठवण करून द्यायची. कुणाला मेल गेली नाही, कुणाचं बिल राहिलं, कुणाला मंगळवारची वेळ दिली होती आणि शेठ मंगळवारी गावातच नाहीयेत. तू सिझनला कुणाचा कुठला लॉट कोल्ड स्टोरेजच्या कुठल्या चेंबरला आहे हे तोंडपाठ सांगत असशील, आणि अमुक पार्टीला सोमवारी फोन केला तर खेकसतो पण बुधवारी केला तर पैसे देऊन टाकतो हेही तुला माहीत असणार. हे कुठल्या १७,९९९ च्या कोर्समध्ये शिकवत नाहीत.

मी स्वतः यात नऊ वर्षं आहे. पुण्यात, दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या भिंतीला लावलेल्या टेबलवर. सुरुवात केली तेव्हा मलाही वाटायचं की क्लायंट म्हणजे परदेशीच, म्हणून चार महिने नुसते प्रपोजल टाकत बसले, एकाचंही उत्तर नाही, आणि पहिलं काम शेवटी कुणी दिलं तर आमच्याच चौकातल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमनी. त्यांच्या पेशंटच्या अपॉइंटमेंट बघायच्या, जे आले नाहीत त्यांना फोन करायचा, महिन्याचे ६,००० रुपये. ते सहा महिने केलं आणि मग ते काम मी इंग्रजीत नीट लिहून दाखवलं तेव्हा इंग्लंडमधल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने घेतलं, कारण त्यालाही तेच हवं होतं, फोन आणि मेल आणि तारखा.

म्हणून तुला सांगते, तुझ्या जुन्या शेठना फोन कर. खरंच. ते म्हणतील "ये की परत," तू म्हण येणं जमणार नाही पण रोज दुपारी चार तास घरून करीन, टॅलीवर हिशोब, मालवाहतुकीची ई-वे बिलं, उधारीचे फोन, आणि संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक यादी पाठवीन की आज कुणाला फोन झाला, कोण काय म्हणालं, किती आले. पहिला महिना करून बघा, नाही पटलं तर सोडून देऊ म्हणावं. पगार पूर्वीच्या निम्म्यापेक्षा खाली घेऊ नकोस, घरून करतेस म्हणून काम काही हलकं होत नाही. शेठ नाही म्हणाले तर मार्केट यार्डातले दुसरे आहेतच, आणि सांगली-मिरजेकडे किती डॉक्टर, सीए, क्लासवाले आहेत ज्यांचा फोन दिवसभर वाजतो आणि उचलायला कुणी नसतं. सहा महिने असं झालं की तुझ्याकडे दाखवायला काहीतरी असेल. आत्ता परदेशी क्लायंटला "मी काहीही करू शकते" असं लिहिलंस तर तो वाचणार पण नाही, कारण तसं लिहिणाऱ्या हजारो आहेत, फिलिपिन्समधल्या मुली तर यात मुरलेल्या आहेत आणि इंग्लिशही आपल्यापेक्षा सफाईदार बोलतात. पण "छोट्या होलसेल धंद्याची थकलेली बिलं मी फोन आणि मेल करून वसूल करून देते, पाच वर्षं केलंय" असं लिहिणारी क्वचितच सापडेल. असं एकच लिहायचं, ठसठशीत.

आता इंग्लिशचं. बोलण्यावरून इतकी घाबरू नकोस, या कामात ऐंशी टक्के लिहिणंच असतं. आणि लिहिताना आपली एक खोड असते ती मोडायला लागते, ती म्हणजे सरकारी इंग्लिश. मी पहिल्या महिन्यात त्या फोटोग्राफरला प्रत्येक मेलच्या शेवटी "प्लीज डू द नीडफुल" लिहायचे, शेवटी त्याने बिचाऱ्याने विचारलं की हे नीडफुल म्हणजे नक्की काय करायचं मी. तेव्हापासून माझी मेल तीन ओळींची. काय झालं, काय राहिलं, तुमच्याकडून काय हवंय आणि कधीपर्यंत. आजपासून रोज रात्री अशा तीन ओळी लिहायला लाग, घरातल्याच कामाबद्दल लिही, गॅस सिलिंडर बुक केला, आला नाही, उद्या १० पर्यंत फोन करायचा. हसू नकोस, मी अशीच शिकले. चुका दुरुस्त करायला चॅटजीपीटीला दे, पण त्याने लिहिलेलं जसंच्या तसं पाठवू नकोस कारण ते वाचताच कळतं आणि मग क्लायंट विचार करतो की हे तर मीही करून घेतलं असतं.

तसं बघायला गेलं तर हा प्रश्न तू विचारला नाहीस पण पुढे पडेलच तुला, की आता सगळं एआय करतंय तर हे काम राहणार का. काही कामं गेली, खोटं कशाला बोलू. मीटिंगची टिपणं काढणं, ऑडिओ ऐकून टाइप करणं, फोटोखालचं कॅप्शन, यावर माझे महिन्याचे काही तास निघायचे ते बंद झाले. पण सोमवारी फोन केला की खेकसणारी पार्टी कुठली ते त्याला कोण सांगणार.

वेळेचं गणित मात्र नीट समजून घे कारण तुझ्या घरात लहान मूल आहे. इंग्लंडमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे दीड आणि हिवाळ्यात अडीच. म्हणजे दीड ते साडेपाच काम केलं तर त्यांची सकाळ सांभाळली जाते, तुझी मुलगी जेवून झोपलेली असते, निदान झोपावी अशी अपेक्षा. दुबई आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे, आणि तिथे आपली मराठी माणसं धंद्यात बरीच आहेत, त्यांच्याशी बोलायला इंग्लिशची भीतीही नाही, तेव्हा तिकडे नातेवाईक-ओळखीपाळखीतून विचारून ठेव. ऑस्ट्रेलियाला तुझी पहाट लागते. अमेरिकेला संध्याकाळ आणि रात्र. अमेरिकेत पैसे बरे मिळतात पण रात्री साडेदहाला कॉल आणि सकाळी सहाला डबा हे मी दोन वर्षं केलं आणि मग ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू झाल्या. तू सुरुवातीला अमेरिकेच्या वाटेला जाऊ नकोस असं माझं स्पष्ट मत.

आणि इंग्लंड-अमेरिकेत घड्याळं वर्षातून दोनदा बदलतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. न्यूयॉर्कच्या एका क्लायंटचा कॉल त्यांच्या सकाळी नऊला, म्हणजे माझ्या संध्याकाळी साडेसातला, हिवाळाभर सुरळीत चाललेला. मार्चमधला एक सोमवार. मी साडेसहाला मंडईत, एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात लेकाचा हात, आणि फोन वाजतो, क्लायंट विचारतोय "आर यू जॉइनिंग?" आणि मी अजून भाव करतेय. आदल्या दिवशी, रविवारी, तिकडे घड्याळ एक तास पुढे गेलेलं, त्यामुळे त्यांचे नऊ म्हणजे आता माझे साडेसहा. त्याच्या कॉलवर एक मोठा गिऱ्हाईक होता आणि त्याला लागणारी शीट फक्त माझ्याकडे. मी मेथीवालीच्या शेजारच्या पायरीवर बसून मोबाइलवरून शीट पाठवली, मागे "दहाला दोन, दहाला दोन" चाललेलं. काम टिकलं, पण महिनाभर तो प्रत्येक कॉलआधी मला आठवण करायचा, आणि हे उलटं झालं ना, आठवण तर मी करायची असते. तर लिहून ठेव, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येते, इंग्लंड मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. कॅलेंडरमध्ये वेळ टाकताना त्यांच्या शहराची वेळ टाकायची, आपली नाही, मग ते आपोआप सरकतं. आणि तारीख कधीही नुसत्या आकड्यात लिहायची नाही, कारण ६/७ म्हणजे आपली ६ जुलै आणि अमेरिकेची ७ जून. महिना अक्षरात लिही.

पैशाचं आता. ५० हजार मिळतात का, तर मिळतात, मला मिळतात त्याहून जास्तही, पण नवव्या वर्षी. पहिला परदेशी रेट मी तासाला ३ डॉलर घेतला होता, ती चूकच होती कारण तो वाढवायला मला दीड वर्ष लागलं. तू ५ च्या खाली जाऊ नकोस. आठवड्याला २० तास भरले, तासाला ५ धरले, तर महिन्याचे ४०० डॉलर, त्यातले अपवर्कसारख्या, क्लायंट मिळवून देणाऱ्या साइटने दहा टक्के कापले असं धरलं की उरले ३६०, म्हणजे तीस हजारांच्या आसपास. फायव्हर तर २० टक्के कापतं. पण २० तास भरणं हेच अवघड असतं पहिल्या वर्षात, त्यामुळे घराच्या हप्त्याचा हिशोब या पैशावर लावू नका इतक्यात. परदेशातून पैसे मागवायला पेपॅल वापरलंस तर ते कमिशनही कापतं आणि डॉलरचा भावही कमी लावतं, म्हणून क्लायंट थेट असेल तर वाइज किंवा पेओनियर या पैसे पाठवायच्या दुसऱ्या सोयींनी देतो का विचार. बँकेत पैसे आले की परदेशातून आल्याचा दाखला, एफआयआरसी किंवा एफआयआरए म्हणतात, तो मागून फाइलला लाव. वर्षाला २० लाखांच्या आत आहेस तोवर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण इन्कम टॅक्स रिटर्न पहिल्या वर्षापासून भर, कर बसो न बसो. उद्या लोन काढताना तुझ्या नावावर तीन वर्षांची रिटर्न असली की बँकवाला तुलाही खुर्ची देतो, नाहीतर मिस्टरांशीच बोलत बसतो.

आणि उधारी नाही. हे तुला काय सांगायचं, तू तर तगाद्यातली. तरी सांगते, कारण दुसऱ्याचे पैसे वसूल करताना आपली जीभ चालते आणि स्वतःचे मागताना टाळ्याला चिकटते. माझे ४२ तासांचे पैसे एकाने बुडवले, इतका गोड बोलायचा की मी दोन महिने बिलच पाठवलं नाही. थेट क्लायंट असेल तर पहिल्या दहा तासांचे आधी, पुढे दर शुक्रवारी इनव्हॉइस.

डेटा एंट्रीवाल्यांचं. ही जुनी टोळकी आहेत, नाव बदलतं फक्त. आधी रजिस्ट्रेशनचे पैसे, मग ॲग्रीमेंट, मग तुला शेकडो पानं देतात, दिसायला सोपी पण मुद्दाम अशी गिचमिड की ठरलेली अचूकता येऊच नये. मुदत संपली की सांगतात तुझ्या चुका जास्त आहेत, करार मोडलास, आता इतके हजार भर नाहीतर कोर्टात खेचू, आणि व्हॉट्सॲपवर वकिलाच्या नावाची नोटीस येते, त्यावर शिक्का बिक्का सगळं. बायका घाबरून घरी न सांगता दागिना गहाण ठेवून पैसे भरतात, मला अशी पत्रं आली आहेत. ती नोटीस म्हणजे नुसता कागद असतो. पैसे भरायचे नाहीत, त्यांच्याशी फोनवर वाद घालायचा नाही, सगळे मेसेज जपून ठेवायचे आणि १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करायचा. तसेच ते टेलिग्रामवाले, व्हिडिओला लाइक करा, हॉटेलला स्टार द्या म्हणणारे, पहिल्या दिवशी दीडशे रुपये खरंच देतात आणि चौथ्या दिवशी "प्रीपेड टास्क" म्हणून पाच हजार मागतात. तू म्हणशील अपवर्कवर पण अर्ज करायला पैसे लागतात, हो लागतात, त्याला कनेक्ट्स म्हणतात, एक १५ सेंटला मिळतो, पण ते साइटला जातात. काम देणारा माणूस तुझ्याकडे पैसे मागतो तेव्हा तिथे काम नसतंच.

कोर्सवाल्या बाईंबद्दल मी काही वाईट बोलत नाही, मला त्या माहीत नाहीत. एवढंच विचार त्यांना, की मॅडम तुमचं स्वतःचं मागच्या महिन्याचं उत्पन्न क्लायंटच्या कामातून किती आणि कोर्स विकून किती. गूगल कॅलेंडर, शीट, ट्रेलो, कॅनव्हा, झूम, हे सगळं यूट्यूबवर फुकट आहे, हिंदीत आणि आता मराठीतही. त्या पैशात राऊटरला छोटा यूपीएस घे, हजार-दीड हजारात येतो, लाइट गेली तरी तास-दोन तास नेट चालतं. लॅपटॉप जुना असेल तर रॅम वाढव, एसएसडी टाक. माइकवाला चांगला हेडफोन घे कारण कुकरची शिट्टी लंडनपर्यंत जाते. दुसऱ्या कंपनीचं एक सिम मोबाइलमध्ये ठेव, केबलवाल्याची वायर ट्रॅक्टरने तोडली की तेच कामाला येतं. क्लायंटचे पासवर्ड वहीत लिहून फ्रिजवर ठेवायचे नाहीत, बिटवॉर्डनसारखं ॲप वापर, आणि क्लायंटचं नाव, त्याचा धंदा, त्याचे आकडे, हे हळदीकुंकवाला सांगायचं नाही. बेदाण्याच्या सौद्यातली गोष्ट तू बाहेर बोलायची नाहीस ना, तसंच.

राहिल्या सासूबाई. मी लग्न होऊन आले त्या घरी सासरे एसटीत कंडक्टर होते. मी "वर्क फ्रॉम होम", "ऑनलाइन काम", "क्लायंट" असं काय काय सांगून बघितलं, काही फरक नाही, कॉल चालू असताना सासूबाई मागून "अगं दूधवाला आलाय" म्हणायच्याच. एकदा वैतागून म्हटलं, आई माझी दीड ते साडेपाच ड्युटी असते. ड्युटी म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. त्या घराने तीस वर्षं ड्युटी बघितली होती, ड्युटीवरच्या माणसाला हाक मारायची नसते हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. दुसऱ्या दिवशीपासून दार त्या उघडायला लागल्या, शेजारणीला सांगायच्या, "ती ड्युटीवर आहे, साडेपाचला ये." तुझ्या घरात कुठला शब्द चालतो तो तू शोध, बँक असेल, शाळा असेल, कारखान्याची पाळी असेल. पण वेळ ठरलेली ठेव आणि ती तू स्वतः मोडू नकोस, दीडला बसायचं म्हणजे दीडलाच, त्या वेळात मध्येच उठून मटार सोलायला बसलीस तर त्या तरी काय समजणार. आणि मिस्टरांच्या "बघ तुला काय वाटतं ते" वर खूश होऊ नकोस, त्या चार तासांत मुलगी उठली तर तिला कोण बघणार हे त्यांच्याशी बोलून ठरव, ज्या दिवशी सासूबाई गावाला जातील त्या दिवसाचंही.

पत्रात एक गोष्ट तू लिहिली नाहीस म्हणून विचारते. डेटा एंट्रीवाल्यांना अजून काही पाठवलं नाहीस ना, आधारची, पॅनची झेरॉक्स, सहीचा फोटो? पाठवलं असशील तर घरात आज सांग आणि मला लगेच लिही, शेठचा फोन त्यानंतर.